शिवणीतली माया

मराठी समीक्षेला विणकाम प्रिय आहे. कथेची वीण, कवितेचा पोत, कादंबरीतले आडवे-उभे धागे असे आपण सर्रास लिहितो. शिवणकामाच्या वाट्याला मात्र 'ठिगळ' आणि 'जोडकाम' हे निंदेचे शब्द तेवढे आले. विणकर नवे वस्त्र निर्माण करतो आणि शिवणारा आधीच असलेले कापतो, हे त्यामागचे कारण असावे. नामदेवांचा अपवाद मोठा आहे. शिंप्याच्या घरातल्या या कवीचे एक पद गुरु ग्रंथसाहिबात आहे. त्यात त्यांनी मनाला गज केले आहे आणि जिभेला कात्री. गेल्या आश्विनात आईसाठी एक अंगरखा शिवत असताना हे पद वारंवार आठवत होते. त्यातली कात्री विशेष, कारण जे कापायचे होते त्यावर ती चालवण्याचा धीर होत नव्हता.

कापायचे होते ते खण. ओटीत आलेले. ओटीचे खण पुष्कळदा शिवले जातच नाहीत, ते फिरते राहतात. या घरातून त्या घरात जातात आणि क्वचित वर्षा-दोन वर्षांनी मूळ मालकिणीकडेच परततात. ही नामुष्की टळावी म्हणून आई प्रत्येक खणाच्या त्रिकोणी घडीत एक चिठ्ठी ठेवी : कोणी दिला, कोणत्या साली. जे रंग तिला फार आवडले ते तिने फिरवले नाहीत. असे तेवीस खण पत्र्याच्या पेटीत निघाले. सर्वांत जुनी चिठ्ठी १९७१ची, सर्वांत अलीकडची २००३च्या चैत्रातली. त्या वर्षी जूनमध्ये वडील गेले.

ज्या बायकांची नावे त्या चिठ्ठ्यांवर आहेत त्यांच्यापैकी कोणी दुष्ट नव्हती. संकटकाळी त्याच डबे घेऊन आल्या होत्या. फक्त हळदीकुंकवाचे बोलावणे थांबले, आणि आईनेही ते का थांबले असे कधी विचारले नाही. ताराबाई शिंद्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली प्रसिद्ध झाले; विधवेचे कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला तो मे २०२२मध्ये. मधली एकशेचाळीस वर्षे आपण 'स्त्रीपुरुषतुलना' अभ्यासक्रमात लावण्यात घालवली असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण फार मोठ्या अन्यायाचे नव्हे. असो.

गुळेदगुड्डच्या खणाची काही वैशिष्ट्ये शिवायला बसल्यावरच कळतात. पन्हा अरुंद, चोळीपुरताच. दोन्ही कडांना काठ, आणि नक्षी उभ्या धाग्यांतून आलेली. त्यामुळे कापड आडवे वापरले की बुट्ट्या निजल्यासारख्या दिसतात. अशा कापडातून पायघोळ वस्त्र काढायचे तर कळ्या जोडण्यावाचून गत्यंतर नाही. मी आठ खण निवडले. आईचा उजवा खांदा आखडलेला आहे, हात वर जात नाही, तेव्हा डोक्यावरून घालायचे सर्व प्रकार बाद झाले. समोरून उघडा, डाव्या कुशीला बंद, काखेत चौकोनी पट्टी आणि आत मलमलचे अस्तर, असा बेत ठरला. कवींच्या शरदात चांदणे असते. आमच्याकडच्या शरदात ऑक्टोबरचा उकाडाही असतो.

शिलाई यंत्र घरात आहे. परंतु हे खण घडीच्या रेषेवर विरले होते, यंत्राखाली तिथेच फाटले असते. म्हणून हाताने, बारीक धावदोरा आणि दर चार टाक्यांनंतर एक उलट टाका. प्रत्येक कळीवर जुन्या घडीची तिरपी फिकट रेघ आहे. इस्त्रीने ती जात नाही. दोन संध्याकाळी प्रयत्न केल्यावर मी तो नाद सोडला.

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला मराठीत माया म्हणतात. वेदान्त्यांची माया आणि शिंप्यांची माया यांचे नाते कोशकारांनी ठरवावे. मला शिंप्यांचा अर्थ अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो उसवून पाहता येतो. लहानपणी आमच्या परकर-पोलक्यांत आई भरपूर माया ठेवी आणि दर दसऱ्याला एकेक शिवण उसवून ती वाढवी. एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या कपड्यात माया किती ठेवावी? अंग वाढायचे नाही, झालेच तर झडायचे. तरी मी दोन बोटे ठेवली.

अंगरखा हाती दिल्यावर आईने आधी तो उलटा केला. बाहेरून पाहण्याची तिला घाई नव्हती. शिवणींवरून बोट फिरवीत म्हणाली, "एवढी माया कशाला गं? मी आता कुठं वाढायची?"

मी उत्तर दिले नाही.

"बरं केलंस," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तू माझ्यापेक्षा रुंद आहेस."

दसऱ्याला तिने तो घातला नाही. अष्टमीला शेजारची नवी सून येऊन ओटी भरते म्हणाली, तेव्हाही आई गुडघ्याचे निमित्त सांगून आतच बसली. त्या मुलीपाशी मी काय बोलावे हे मला सुचले नाही. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटवायला ठेवले होते. आई जिना चढून आली ती अंगरखा घालून. चांदण्यात रंग ओळखू येत नाहीत, काठ तेवढे येतात. त्यावरून तिने आठही कळ्या ओळखल्या : ही आक्कांची, ही मोठ्या वन्संची, ही खालच्या मजल्यावरच्या काकूंची. एकदाही चुकली नाही.

त्या आठजणींपैकी दोघी हयात आहेत. एकीला तिने दुसऱ्या दिवशी फोन केला. खणांचा विषय निघाला नाही. पाऊण तास नातवाच्या लग्नावर बोलणे चालले होते.