नावाची राखण

गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या एका निवृत्त गटसचिवांचे माझ्यावर ऋण आहे, आणि ते पैशाचे नाही. सगळे गाव त्यांना मामा म्हणते. माझे नाव माझ्याच ताब्यात राहिले ते त्यांच्यामुळे.

पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाजवळ आमचे थोडे शेत आहे. पेरणीच्या तोंडावर वडील पीक कर्जाचे कागद घेऊन सोसायटीत जात. सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स. मामा प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिहायला लावत, ‘फक्त पीक कर्जासाठी’, खाली तारीख आणि सही. फॉर्ममध्ये एक रकाना कोरा दिसला तरी कागद परत करत. मी तेव्हा शाळेत होते. मला ते उगीचचे हेलपाटे वाटत.

2017 साली शेजारच्या परभणी जिल्ह्यातले गंगाखेडचे प्रकरण पेपरात आले. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर परस्पर कर्ज उचलल्याचा आरोप होता, गुन्हा दाखल झाला. बँकेच्या नोटिसा हातात पडल्या तेव्हा कित्येकांना आपल्या नावावर कर्ज असल्याचे कळले. ती बातमी वाचली आणि मामांनी वडिलांचे कागद का परत केले होते, ते मला समजले.

पुढे मी बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी समुदाय संसाधन व्यक्ती झाले. बायांचे फॉर्म भरताना मोबाईल नंबर म्हणून सर्रास सेवा केंद्रवाल्याचा नंबर टाकलेला असे. माझ्याही खात्याला तसाच एक नंबर जोडलेला होता. मामांनी विचारले, “पोरी, बँकेचा मेसेज कोणाला जातो? तुला का त्याला?” त्यांनी मला बँकेत पाठवून नंबर बदलायला लावला.

त्या नंबरचे मोल नंतर कळले. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये आदेश काढला. कोणी आपला क्रेडिट अहवाल, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदी मागवल्या, की सिबिलसारख्या क्रेडिट कंपनीने आपल्याला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा. एप्रिल 2024 पासून तो लागू झाला. पण नोंदलेला नंबरच दुसऱ्याचा असेल तर हा इशारा आपल्यापर्यंत पोचणार कसा? अमेरिकेत माणूस आपल्या नावावर वर्षभराची सूचना लावून ठेवू शकतो; मग कर्ज देणाऱ्याला आधी खातरजमा करावी लागते. तसा कायदा आपल्याकडे नाही. आपल्याला मेसेज येतो तो अहवाल पाहिला गेल्यावर. म्हणून तो आला की बसून राहायचे नसते.

मला तो आला. ज्या कंपनीचे नावही ऐकले नव्हते, तिने माझा अहवाल पाहिला होता. मी मामांकडे गेले. त्यांना दिसायला कमी झाले होते, मेसेज त्यांनी वाचून घेतला. म्हणाले, “फोनवर भांडू नको. लेखी दे.” वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढला, तर मी न घेतलेले एक छोटे कर्ज त्यात निघाले. तक्रारीचा मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. एक प्रत कर्ज देणाऱ्याला, एक क्रेडिट कंपनीला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यातही कळवले. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे मला तिथेच कळले. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, असाही नियम आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही. ती नोंद काढून टाकली गेली.

मामांना मोबाईलवर अहवाल काढता येत नाही. पण कागद कसा सांभाळायचा हे त्यांनी शिकवले नसते, तर तो मेसेज मीही जाहिरात समजून पुसून टाकला असता. आमच्या गटात आता नंबर तपासल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. पद्धत त्यांची, मी फक्त चालवते.

तुमचे आईवडील गावाकडे असतील, तर त्यांच्या खात्याला कोणाचा मोबाईल नंबर जोडला आहे, एवढे या आठवड्यात विचारून घ्या.