मासळीचा वाटा आज लहान का?

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे निघालात, तर फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला दिसतो. भातखाचरं मोकळी पडलेली असतात. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी काळू नदी आता खडकांतून वाट काढत डोहाडोहांत थांबलेली असते. याच डोहांतली मासळी सकाळी बाजारात येते. कातकरी बाया वाटे मांडून बसतात. कुठे शिंगाडे, कुठे मरळ, कुठे नुसती बारीक मासळी.

काल एवढा मोठा वाटा आणि आज त्याच पैशात निम्मा, ही आपली नेहमीची कुरकुर. पण मैत्रिणींनो, यात दोष त्या बाईचा नसतो, हवेचा असतो.

माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. थंडीत तो सुस्तावतो, तळाशी बसून राहतो. होळीच्या सुमारास पाणी जरा कोमट झालं की त्याची भूक जागी होते आणि गळाला मासा लागू लागतो. चैत्रात मात्र ऊन चढतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून भर दुपारी मासा खोल सावलीत दडतो. मग पहाट आणि संध्याकाळ एवढीच काय ती वेळ! मरळ तेवढा वर येऊन हवेतला श्वास घेतो, म्हणून तो आटत्या पाण्यातही तग धरतो आणि बाजारात पातेल्यातसुद्धा वळवळत असतो. मध्येच अवकाळी सर आली तर ओढ्यांचं पाणी गढूळ होतं, माशाला आमिष दिसत नाही, आणि रात्रभर बसलेला माणूस रिकाम्या हातानं परततो.

जवळच भातसा आणि 1892 सालचा तानसा तलाव आहे. तिथलं पाणी खोल, ते एवढ्या लवकर तापत नाही. पण ते मुंबईची तहान भागवतं. पाड्यावरच्या बाईच्या वाट्याला येतो तो गावाजवळचा डोहच.

डोह आटला की मासे एका जागी कोंडतात, पकडायला सोपे होतात. अशा वेळी कुणी विषारी पूड टाकून सगळा डोह एकदम उपसतं. पिल्लंसुद्धा मरतात. हीच मासळी जगली तर पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून, खाचरांतून वर चढते आणि अंडी घालते. आपण तिला वळगणीचे मासे म्हणतो. चैत्रात डोह रिकामा झाला, तर आषाढात वळगण कुठून यायची?

तेव्हा घेताना कल्ले लाल आहेत ना, डोळे फुगीर आहेत ना, बोटानं दाबलेला खळगा भरून येतो ना, एवढं पाहावं. औषधाचा वास आला तर घेऊच नये. चिखलाचा वास असेल तर हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवावं, तो जातो. आणि वाटा लहान दिसला, तर घासाघीस करण्याआधी एकदा आभाळाकडे पाहावं.