उताऱ्यावरचे नाव

एखाद्या काल्पनिक वीराचा जनक कोण, या प्रश्नाचा निकाल बहुधा करारनाम्याच्या कलमांतच लागून जातो, आणि चित्रे चाळणाऱ्या वाचकाला त्याची गंधवार्ताही नसते. १९३९ साली न्यूयॉर्कात बॉब केन या तरुण चित्रकाराने बॅटमॅनचा जो पहिला आराखडा केला, त्यात, बिल फिंगर या लेखक-सहकाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे, तांबडा वेष, डोळ्यांवरची पट्टी आणि पाठीला ताठ पंख एवढाच ऐवज होता. पंखांऐवजी वटवाघळासारख्या कातीव कडांची केप, टोकदार कानांचा शिरोवेष्टनवजा मुखवटा, बुबुळांवाचून पांढरे डोळे, करडा वर्ण, हे सारे फिंगरने सुचविले. ब्रूस वेन आणि गॉथम ही नावे त्याचीच, आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकातील पहिली कथाही त्याचीच.

सौदा मात्र केनने एकट्याच्या नावे केला. आपल्याकडे जमीन कूळ कसे आणि उताऱ्यावर नाव खातेदाराचे लागे, तशीच ही व्यवस्था. फरक इतकाच की कुळाला पुढे कायद्याचे संरक्षण तरी मिळाले. पुढे शेल्डन मोल्डॉफसारख्यांनी वर्षानुवर्षे रेखाटलेली पानेही केनच्याच नावावर जमा झाली. १९६४ मध्ये संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ आणि चित्रकार कार्मिन इन्फँटिनो यांनी छातीवरच्या वटवाघळाभोवती पिवळे लंबवर्तुळ आणून या वीराचे रूप पालटले. वेषात असे फेरफार निर्वेध मंजूर होत गेले, श्रेयाच्या नोंदीत मात्र काडीचाही फेरफार नाही! ज्या मूर्तीला इतके हात लागले तिचे जनकत्व एकाच्या पदरी बांधणे मला न्यायाच्या दृष्टीने तर गैर वाटतेच, पण कलेच्या आकलनाच्या दृष्टीने अधिकच गैर वाटते; कारण केनचा पंखवाला मनुष्य तसाच छापला गेला असता, तर तो आज कोणाच्या स्मरणात उरला असता, याविषयी मला दाट शंका आहे.

फिंगरच्या हयातीत केनने त्याचा दावा जाहीरपणे फेटाळला. त्याच्या मृत्यूनंतर, १९८९च्या आत्मचरित्रात, हळहळ व्यक्त केली. १९७४ साली फिंगर निवर्तला तेव्हा त्याचे नाव बॅटमॅनच्या जनकत्वाच्या ओळीत नव्हते. ते २०१५ साली, त्याच्या वारसांशी समझोता झाल्यावर, दाखल झाले, आणि तेही केनच्या नावामागून. हा क्रम उलटा असावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.