बोर्ड नाही, लाइन मोजा

मंडळी, वाडीच्या टाकीची मोटर आपोआप चालू-बंद करणारा बोर्ड मी बनवून दिला. गेले पंधरा दिवस तो रात्री बंद पडतोय. सकाळी नळ कोरडे, आणि बोलणी मला.

दिवसा मीटर लावला की सगळं चोख. ७८०५ रेग्युलेटरला आत १६ व्होल्ट, बाहेर ५. डुप्लिकेट माल असेल म्हणून तीनदा बदलला. दुकानदाराला उगाच बोललो, त्याची माफी.

परवा रात्री मीटर घेऊन टाकीखालीच बसलो. दीडला आत १९ व्होल्ट, हात लावला तर चटकाच! बाहेरचे ५ जात-येत होते. हा रेग्युलेटर जादा व्होल्ट उष्णता करून फेकतो. ०.३ अँपिअरला दिवसा ३.३ वॅट, रात्री ४.२. त्यात डबा बंद. फार तापला की तो स्वतःच बंद होतो, निवला की सुरू. हीटसिंक चिमुकला ठेवला, ती चूक माझी.

मग सरळ लाइन मोजली. २६८! २३० अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे फार तर २४४ हवेत. त्याच वेळी खालच्या आळीत दिवे मिणमिणत होते. एका फेजला जास्त, दुसऱ्याला कमी, म्हणजे डीपीवरचा न्यूट्रल ढिला असणार. कुणाचा फ्रिज गेला, कुणाचे बल्ब, आठवा आता.

बोर्डावर मी बक कन्व्हर्टर टाकतोय. डीपीला मात्र कुणी हात लावू नका. लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. मीटर असेल त्यांनी आज रात्री घरचे व्होल्ट मोजून वेळेसकट फोटो खाली टाका. माझ्याकडे काल रात्री २६१ होते.