मागणीपत्रातला रकाना

मनुष्य परप्रांती नोकरीला गेला म्हणजे त्याला काय काय शिकावे लागेल, याचा नेम नाही. मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेल्या माझ्यासारख्या कारकुनाला बंगळूरला येऊन पंपाच्या सीलचा अभ्यास करावा लागेल, असे कुणी म्हटले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. कावेरीचे पाणी १९७४ पासून जवळजवळ १०० किलोमीटरांवरून येथे येते. तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी, तातगुणी अशा तीन टप्प्यांत ते उपसून वर चढवावे लागते. पंपावाचून या शहराची तहान भागायची नाही. आमच्या सरकारी वसाहतीतही जमिनीखालच्या टाकीतले पाणी उंच टाकीत चढविणारे दोन पंप आहेत.

२०२४ च्या उन्हाळ्यात शहराला पाण्याची ओढ लागली आणि आमच्या टाकीत टँकरचे गढूळ पाणी पडू लागले. त्याच सुमारास पंपांची सीले बदलायची होती. मागणीपत्रात मी शाफ्टचा व्यास तेवढा लिहिला, तीन दर मागविले, तुलनात्मक तक्ता मांडला आणि सर्वांत कमी दराची शिफारस केली. सारे कसे नियमाला धरून!

तीन आठवड्यांत दोन्ही सीले गळू लागली आणि पंप बंद पडले. सायंकाळी परतताना पाहिले, तिसऱ्या मजल्यावरच्या सत्तरीच्या आजी भरली कळशी पायरीवर ठेवून जिन्याच्या कठड्याला टेकल्या होत्या. मी कळशी वर पोहोचविली. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला; तो मला फार बोचला.

दुसऱ्या दिवशी पंपघरात गेलो. तेथल्या वयस्क फिटरला आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांनी उतरविलेले सील माझ्या तळहातावर ठेवले. एक कडी शाफ्टबरोबर फिरणारी, दुसरी जागीच बसलेली. स्प्रिंगने एकमेकींना भिडविलेल्या. दोहोंच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा असतो, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही पातळ. तो सुकला तर कड्या घासून तापतात; जाड झाला तर गळती सुरू होते.

"सर, तुम्ही माप लिहिलंत, पाणी कसलं, ते लिहिलंच नाहीत," अण्णा म्हणाले.

सिरॅमिकवर फिरणारी कार्बनची कडी स्वच्छ पाण्यासाठी असते. वाळूचा कण मऊ कार्बनमध्ये रुततो आणि समोरच्या कडीला ओरखडत राहतो. गढूळ पाण्याला दोन्ही कड्या सिलिकॉन कार्बाइडसारख्या कठीण हव्यात. पण कठीण जोडीला कोरडे फिरणे मुळीच सोसत नाही. कार्बन निदान थोडा वेळ सांभाळून घेतो. म्हणून टाकी रिकामी होताच पंप थांबविणारा फ्लोट स्विचही हवा. रबराची रिंगसुद्धा द्रव पाहूनच निवडायची: गरम पाण्याला ई.पी.डी.एम. उत्तम, पण तेच तेलात फुगून निकामी होते. तेथे नायट्राइल लागते.

मी टेबलाशी परतलो. नियमाला दोष देऊन मोकळे होता आले असते. परंतु कमी दराचा नियम मागणीस उतरणाऱ्या वस्तूंपुरताच असतो. येथे मागणीच अपुरी होती, आणि ती माझ्या हातची होती. 'पूर्वीच्या मागणीपत्रात पाण्याचे स्वरूप नमूद करण्याचे माझ्याकडून राहून गेले,' हे एवढे वाक्य फाइलवर लिहायला मला अर्धा तास लागला. साहेबांनी ते दोनदा वाचले आणि काही न बोलता सही केली.

नवी सीले बसली, पाणी वर चढू लागले. आजी हल्ली जिन्यात भेटतात त्या रिकाम्या हातांनी. या फाइलची त्यांना वार्ताही नाही. मी मात्र कोणतेही मागणीपत्र लिहिताना दराच्या रकान्यापूर्वी क्षणभर थांबतो आणि स्वतःलाच विचारतो, यातून वाहणार आहे ते काय?