पंधराची पत्ती

चि. मनू हिस,


तुझं पत्र पोचलं. अ‍ॅम्बेसेडरचे टॅपेट आता स्वतःच्या हातानं सेट करणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. त्याआधी जो प्रश्न विचारलास तो मुळाशी जाणारा आहे. आवाज पुरता थांबेपर्यंत स्क्रू आवळावा, की थोडी टिकटिक राहिली तरी पुस्तकातला आकडा धरावा? आकडाच धर. मात्र त्यामागचं कारण पटल्याशिवाय तू ते पाळणार नाहीस, आणि पाळूही नयेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या १४८९ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आहे. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर लोटतो, टॅपेट पुशरॉडला, आणि पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला. रॉकर शाफ्टवर कलतो आणि दुसऱ्या टोकानं व्हॉल्व्हची दांडी दाबून व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकरचं टोक आणि दांडीचा माथा यांच्यात उरते ती आपली फट. इंजिन गार असताना ती ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवायची. फिलर गेजच्या पात्याच्या जाडीवरून गॅरेजमधल्या भाषेत पंधराची पत्ती. ही जागा कशासाठी सोडली आहे ते एका साध्या हिशेबात दिसतं. १०० मिलिमीटर लांबीचं पोलाद १०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.१२ मिलिमीटरनं वाढतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची थाळी जोरात चालणाऱ्या इंजिनात ७०० अंशांच्या घरात जाते. दांडी तितकी तापत नाही, शिवाय ब्लॉक, हेड आणि पुशरॉडही आपापल्या परीनं वाढतात, त्यामुळे शेवटी किती फट उरेल हे नुसत्या अंदाजानं सांगता येत नाही. पण एवढं नक्की कळतं की इथे एक-दोन दशांश मिलिमीटरची किंमत मोठी आहे आणि रॉकरवरच्या, ही फट कमीजास्त करणाऱ्या स्क्रूचा थोडासा फेरसुद्धा तेवढा फरक पाडतो.

आता फट कमी झाली तर काय होतं ते पाहा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गार व्हायला हक्काची जागा एकच, त्याची सीट. मिटल्यावर थाळीची कड सीटला घट्ट टेकते, तेव्हा थाळीतली बहुतेक उष्णता सीटवाटे हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. दोन उघडण्यांमधला काळ ४० मिलिसेकंदांचा, आणि त्यातले जेमतेम दोनतृतीयांश सीटवर टेकायला मिळतात. फट उरलीच नाही, तर व्हॉल्व्ह केसभर उघडाच राहतो. उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि वरून जळता वायू त्याच अरुंद चिरेतून दाबानं सुटतो. थाळीची कड आधी काळवंडते, मग एका जागी खाल्ली जाते, आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं की हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. हे सगळं होत असताना टॅपेट एकदम शांत असतं. रॉकरला आपटायला जागाच उरलेली नसते, मग आवाज येणार कुठून?

माझं म्हणणं सारं इथेच आहे. कानाला एकाच बाजूची चूक ऐकू येते. फट वाढली की टॅपेट वाजतं, फट घटली की ते गप्प होतं, आणि दोहोंत जास्त महागात पडते ती दुसरी. झीजसुद्धा दोन्ही दिशांनी होते. रॉकरचं टोक, कॅम, टॅपेट झिजले तर फट वाढते. सीट झिजली तर व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, दांडी वर येते आणि फट कमी होते. जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीट त्याच बिडात कापलेली असते. पेट्रोलमध्ये शिसं होतं तोवर त्याच्या ज्वलनातून उरणारा पातळ थर या सीटचं रक्षण करायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी आणि मुलांच्या आरोग्यासाठी ते हवंच होतं, पण कठीण धातूची सीट न बसवलेल्या हेडचं ते संरक्षण गेलं. सीएनजीच्या कोरड्या इंधनावर तर सीटची झीज आणखी वाढते. म्हणजे अशा गाडीत गेल्या वेळी बरोबर ठेवलेली फटसुद्धा आपोआप मिटत जाऊ शकते, तीही काही आवाज न करता. असं इंजिन दिवसेंदिवस जास्त गुळगुळीत चालू लागलं, तर खूश होण्याऐवजी फिलर गेज हातात घ्यावा.

यावर तू म्हणशील, मुरलेले मिस्त्री पत्तीला हात न लावता कानानं टॅपेट लावतात, त्यांच्या गाड्या काय बंद पडतात? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे, कारण पत्तीही फसते. रॉकरचं टोक दांडीच्या माथ्यावर घासून घासून तिथे खळगा पडतो. सपाट पत्ती त्या खळग्याच्या दोन काठांवर टेकते, आतल्या पोकळीत शिरत नाही. पत्ती पंधरा सांगते, खरी फट त्याहून मोठी असते, म्हणून टॅपेट वाजतच राहतं. तिथे कान खरा आणि पत्ती खोटी. पण मग करायचं काय? दोष रॉकरच्या टोकात असताना स्क्रू आवळत सुटणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रॉकर काढून त्याचं टोक बघ, खळगा असेल तर ते घासून घे किंवा रॉकर बदल, आणि मग पुन्हा पत्ती लाव. जाणता मिस्त्री कानाचा उपयोग शंका घेण्यासाठी करतो. निकाल मात्र मापावर लागला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा येईल की घट्टपणा इतका घातक, तर मुद्दाम थोडं सैलच ठेवू. तेही नको. कॅमच्या उंचवट्याच्या पायथ्याशी एक सौम्य चढ असतो. ठरलेली फट असली की रॉकर या चढावरच हलकेच दांडीला भेटतो. फट जास्त झाली की चढ वाया जातो आणि भेट पुढच्या तीव्र चढणीवर, वेगानं होते. प्रत्येक भेट हा हातोडीचा घाव ठरतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, पूर्ण उघडत नाही आणि इंजिनाचा दम कमी होतो. तिसरा आक्षेप, हायड्रॉलिक टॅपेट आल्यावर ही विद्या कशाला? हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबावर फट स्वतः भरून काढतं हे खरं, पण तेल मळलं किंवा दाब पडला की तेही वाजतं. आणि ही विद्या अजून कालबाह्य झालेली नाही. होंडा सिटीच्या १.५ लिटर आय-व्हीटेक इंजिनातही स्क्रू आणि तो पक्का धरणारे चेकनटच असतात. तिथे इनटेकला ०.१५ ते ०.१९ आणि एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३० मिलिमीटर फट ठेवतात. जास्त तापणाऱ्या व्हॉल्व्हला जास्त जागा, हे या आकड्यांतच लिहिलेलं आहे.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन रात्रभर गार होऊ दे, प्लग काढ, म्हणजे हँडलनं फिरवायला हलकं जाईल. तुझ्या इंजिनाला नऊचा नियम चालतो. पुढून मोजत आठ व्हॉल्व्ह. आठवा पूर्ण उघडलेला असताना पहिला सेट करायचा, सहावा उघडा असताना तिसरा, चौथा उघडा असताना पाचवा. बेरीज नेहमी नऊ. जोडीतला एक पूर्ण उघडा असला की दुसऱ्याचं टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर असतं, तिथे फट सर्वांत मोठी आणि खरी. पत्ती सरकताना तेल लावलेल्या कागदासारखी किंचित धरली गेली पाहिजे. पेचकसानं स्क्रू धरून ठेव, पान्यानं चेकनट आवळ, आणि आवळल्यावर पत्ती पुन्हा घाल, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी कर. स्क्रूला हात लावण्याआधी आठही फटी जशा सापडतील तशा वहीत लिही, तारीख आणि किलोमीटर घालून. पुढच्या वेळी पुन्हा लिही. एखाद्या व्हॉल्व्हची फट दर वेळी कमीच सापडू लागली, तर त्याची सीट खचते आहे, आणि हेडच्या कामाची तयारी तुला सवडीनं करता येईल. ही खबर कानाला कधीच मिळाली नसती. ती त्या वहीच्या रकान्यातच दिसेल.

तुझा,
मामा