कडू तेवढं कळतं

आण्णांना वास येत नाही, हे आमच्या घरात उघड झालं ते दूध करपलं तेव्हा. मी खाली भाजी आणायला गेले होते. परत येताना दुसऱ्या मजल्यावरच करपल्याचा वास आला. वर येऊन बघते तर पातेलं काळं झालेलं, आणि आण्णा गॅसकडे पाठ करून, चार हातांवर, शांतपणे पेपर वाचत बसलेले.

डॉक्टर म्हणाले, वयामुळे असेल, तेजाबाच्या वाफेमुळेही असेल. आण्णा १९७४ साली खानापूर तालुक्यातून करोल बागेत आले ते गलाईच्या कामाला. आमच्या भागात पाऊस नाही. खानापूर, आटपाडीकडची माणसं मूस आणि चिमटा घेऊन देशभर गेली, सोनं-चांदी शुद्ध करायला. बिडनपुऱ्यातल्या सराफी गल्ल्यांत अजूनही सांगलीकडची मराठी ऐकू येते. दहा बाय आठच्या खोलीत, तेजाबाच्या पिवळ्या-तांबूस धुरात आण्णांनी चाळीस वर्षं काढली. तोंडाला बांधायला गमछा, बस्स.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. गोड, आंबट, खारट, कडू हे जिभेचं. चव म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यातलं उरलेलं बहुतेक सगळं नाकाचं. आण्णांची जीभ शाबूत आहे. घरी आल्यावर आण्णा म्हणाले, "बराबर हाय त्याचं. चहा गोड हाय ते कळतंय. चहा हाय ते कळत न्हाई."

त्या हिवाळ्यात मी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करत होते. त्यात एक म्हातारा बऱ्याच वर्षांनी आपल्या गावातल्या पबमध्ये येतो, 'हॉपी पेल एल'चा पहिला घोट घेतो आणि त्या वासावरून त्याला कळतं की आपण घरी आलो. मी 'हॉपी'पाशी अडकले. 'हॉप्सयुक्त' हा शब्द औषधाच्या बाटलीवर शोभेल. 'कडवट' म्हणावं तर वास हातचा जातो. शेवटी मी 'फेसाळ बिअर' लिहून पुढे गेले. वाचकाचं काही अडणार नव्हतं. हा युक्तिवाद मी गेली वीस वर्षं वापरत आले आहे: मराठी वाचकाला पोहोचणार नाही, तर कशाला ठेवा?

माझा धाकटा भाऊ डर्बीला असतो आणि घरी बिअर बनवतो. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती बिअर बनवायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. तेव्हापासून तिथे तो मोटार धुण्याइतका साधा छंद आहे. त्याला फोनवर 'हॉपी' म्हणजे काय विचारलं तर तो तासभर बोलला.

हॉप्स हे एका वेलीचं फूल, हिरव्या खवल्यांच्या लहान शंकूसारखं. आपल्याकडे लाहौलच्या खोऱ्यात ही वेल लावतात. त्यातली आम्लं तासभर उकळली की पाण्यात उतरतात आणि कडू होतात. सुगंधाची तेलं मात्र उकळीत उडून जातात. म्हणून हॉप्स दोनदा-तीनदा घालायचे: सुरुवातीचे कडूपणासाठी, शेवटचे वासासाठी. आपण फोडणीत मिरची आधी टाकतो आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, तसंच. 'हॉपी' म्हणजे त्या शेवटच्या मुठीचं प्रकरण. भाऊ वापरतो ती कॅस्केड जात अमेरिकेत १९७२ साली बाहेर आली, आणि तिचा वास पपनशीसारखा आहे.

मग त्याने बर्टनची गोष्ट सांगितली. ते गाव त्याच्या घरापासून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर. पेल एल इंग्लंडमध्ये आधीपासून होतीच. हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांवर चढवायची तर उष्ण हवेत टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत, कारण हॉप्समुळे ती लवकर नासत नाही. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनचा या व्यापारात दबदबा होता. १८२०च्या दशकात बर्टनचे ऑलसॉप त्यात उतरले, आणि त्यांची बिअर सरस ठरली ती तिथल्या पाण्यामुळे. बर्टनच्या विहिरींना जिप्सम लागतं. त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, खणखणीत लागतो. पुढे इतर गावचे लोक आपल्या पाण्यात जिप्सम घालून बर्टनची नक्कल करू लागले.

"तूच करून बघ," भाऊ म्हणाला.

करण्यात अडचण कायद्याची होती. दिल्ली अबकारी कायदा २००९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. आणि कायद्याच्या आधी आण्णांच्या गळ्यातली तुळशीची माळ. पण बिअर बनते दोन टप्प्यांत. आधी मोडाच्या जवाचा गोड काढा काढून हॉप्सबरोबर उकळायचा. मग तो निववून त्यात यीस्ट घालायचं. पहिल्या टप्प्यात दारूचा थेंब नसतो. यीस्ट पडतं तिथे कायदा सुरू होतो. आम्ही ठरवलं, मी यीस्टच्या अलीकडे थांबायचं. पलीकडचं डर्बीत.

त्याची कृती माझ्या स्वयंपाकघरात एका ओळीतही जशीच्या तशी चालली नाही. तो माल्टची पिशवी विकत आणतो. मी खारी बावलीतून सालासकट जव आणलं, सव्वा किलो. सोललेल्या जवाला मोड येत नाहीत. दोन दिवस पाणी बदलत भिजवलं, मग ओल्या फडक्यात. नाचणीच्या सत्त्वासाठी आई करायची तसंच, फक्त इथे मोड दाण्याच्या आतच दाण्याएवढा लांब होईपर्यंत थांबायचं असतं. जानेवारी होता म्हणून बरं. मे महिन्यात ते नासलंच असतं. पाचव्या दिवशी गच्चीवर वाळवलं, ओव्हनमध्ये मंद आचेवर कडक केलं, सुपात चोळून मुळं झाडली आणि मिक्सरमधून भरडलं. किलोभर भरलं.

पाणी आरओचं. भाऊ म्हणाला, त्यात क्षार काहीच नसतील, दोन ग्रॅम जिप्सम घाल. टोफूसाठी मिळतं ते खाण्याचं जिप्सम मी मागवलं. पांढरी पूड स्वच्छ पाण्यात घालताना आण्णांनी पाहिलं.

"मशीन लावून पाणी शुद्ध केलं ते केलं, आता त्यात काय कालवतीस?"

मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सोनं शुद्ध करायला आधी काय करत्यात ठावं हाय का?"

गलाईवाल्याची मुलगी असून मला ठाऊक नव्हतं. कमअस्सल सोनं तसंच तेजाबात टाकलं तर तेजाब आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी त्यात साधारण तिप्पट चांदी वितळवून मिसळायची. मग तेजाब ती चांदी खात आत शिरतं, बाकीची भेसळही बाहेर काढतं, आणि तळाशी सोनं उरतं, तपकिरी मातीसारखं. ते पुन्हा मुशीत वितळवलं की पिवळं. "आधी घालावं लागतंय," आण्णा म्हणाले, "मग काढता येतंय."

त्यानंतर ते खुर्ची ओढून ओट्याशीच बसले. भरडा ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा होता, म्हणजे मोडातली पाचकं पिठाची साखर करतात. भावाकडे त्यासाठी भांडं आहे. मी पातेलं रजईत गुंडाळलं. पिठूळपणा संपला की नाही हे बघायला बशीत थेंबभर काढा घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिन टाकायचं: पीठ असेल तर काळा-निळा रंग. हे काम आण्णांनी माझ्या हातातून काढून घेतलं. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ बघणारे डोळे ते. दोनदा त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा थेंब आयोडिनच्याच रंगाचा राहिला. "झालं," म्हणाले, आणि बशी नळाखाली धरली.

आता हॉप्स. भावाने ओळखीच्या माणसाबरोबर शंभर ग्रॅमचं पाकीट पाठवलं होतं. पेंडीच्या कांड्यांसारख्या दाबलेल्या हिरव्या गोळ्या. कृतीत चार लिटरला वीस ग्रॅम होते: आठ सुरुवातीला, चार शेवटच्या दहा मिनिटांत, आठ गॅस बंद केल्यावर. मी विचार केला, हे आण्णांसाठी आहे. त्यांना वास येणारच नाही, मग शेवटचे आठ ग्रॅम कशाला? सुरुवातीलाच बारा ग्रॅम घातले आणि पाकीट बांधून टाकलं.

भाऊ फोनवर चिडला. "मग ती पेल एल राहिलीच कुठे? नुसता काढा झाला."

"ज्याच्यासाठी करायचं त्याला बघून करायचं," मी म्हटलं. माझ्या धंद्यातलं वाक्य.

गाळून, निववून, पेल्यातून आण्णांना दिलं. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला. मग आणखी एक. कित्येक महिन्यांत त्यांना खाण्यापिण्यात इतकं लक्ष घालताना मी पाहिलं नव्हतं.

"कारल्यात गूळ घातल्यागत लागतंय," ते म्हणाले. "कडू तेवढं कळतंय. ब्येस हाय."

मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं पाच मिनिटं टिकलं. कारण मग त्यांनी विचारलं, "ते पाकीट बांधून ठिवलंस, त्यातलं शेवटाला घालायचं हुतं न्हवं? पोरगा फोनवर वरडत हुता त्ये."

"ते वासासाठी असतं, आण्णा."

"मग?"

मी गप्प बसले. त्यांनी पेला खाली ठेवला. रागावले नव्हते. हिशेब तपासताना बोलत तसं सरळ आवाजात म्हणाले, "मला न्हाई येत. तुला येतोय न्हवं? मग घाल की. आन् मला सांग."

आण्णांसाठी कमी करायचं म्हणून मी कमी केलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. आपल्या वाट्याला येत नाही म्हणून ती गोष्ट पातेल्यातूनच काढून टाकावी, असं त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात पुन्हा मोड आणले. आधीच्या भरड्याच्या चोथ्याची थालीपिठं खाऊन झाली होती. या वेळी कृतीप्रमाणे आठ, चार, आणि गॅस बंद करून आठ. शेवटच्या गोळ्या गरम काढ्यात विरघळल्या तशी वाफ उठली आणि सगळी खोली भरून गेली. आण्णा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"सांग."

पपनस म्हणून उपयोग नव्हता. आमच्या गावाकडे पपनस कुठली? मी पातेल्यावर वाकले. लिंबू म्हटलं तर फार धारदार. संत्रं फार गोड. "ईडलिंबू," मी म्हटलं. "त्याची साल नखानं खरवडल्यावर येतो तसा. आणि मागं थोडा ओल्या पाल्याचा."

"हिरवं का पिकल्यालं?"

पुन्हा वास घेतला. "पिकत आलेलं. देठापाशी अजून हिरवं आहे."

आण्णांनी डोळे मिटले. त्यांच्या आईच्या परसात, विहिरीच्या पाटाजवळ, ईडलिंबाचं झाड होतं. १९७२च्या दुष्काळात पाट आटला आणि झाडही वाळलं. त्याच्या लोणच्याबद्दल ते थोडा वेळ बोलले, मीठ किती, उन्हात किती दिवस. मी त्या झाडाबद्दल पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी पेला उचलला आणि पिण्याआधी नाकाशी नेला. काही आलं नसणार. तरी थोडा वेळ तिथेच धरला.

डर्बीत भावाने त्याच आठवड्यात तीच कृती पुढे नेली. तीन आठवड्यांनी व्हिडिओवर बाटली उघडली. त्याने वास घेऊन 'ईडलिंबू' म्हटलं, आणि आण्णांनी त्याला हिरवं की पिकलेलं ते विचारलं.

कृतीची आमची प्रत आता बरीच बदलली आहे. माल्टच्या जागी मोडाचं जव, विहिरीच्या जागी आरओ आणि जिप्सम, खास भांड्याच्या जागी रजई. हे बदल करताना मला काही वाटलं नाही, कारण प्रत्येक ठिकाणी ती वस्तू तिथे कशासाठी होती हे विचारून दुसरी आणली. शेवटचे आठ ग्रॅम मात्र मी बदलले नव्हते, गाळले होते. दोन्हींत फरक आहे, आणि वीस वर्षं अनुवाद करून तो मला स्वयंपाकघरात कळावा याची थोडी लाज वाटते.

कादंबरीचं हस्तलिखित अजून माझ्याकडेच होतं. ते पान काढून 'फेसाळ बिअर' खोडलं. म्हातारा आता पेल एलचा पेला तोंडाशी नेतो, त्याला कडूच्या आधी हॉप्सचा वास येतो, पिकत आलेल्या फळाच्या सालीसारखा, आणि त्याला कळतं. 'हॉप्स' शब्द तसाच ठेवला. ईडलिंबू मी घातलं नाही. ते झाड त्याचं नाही. वाक्य आधीपेक्षा लांब झालं आहे. कोणी वाचक हॉप्सपाशी थांबून विचारेल, हे काय? विचारू दे.